चिनारचं पान आणि जानेवारीची रजा

«ताई, मी पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात राहते. वय 33. जीएनएम झाले आहे, तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मिस्टर शेती करतात, कापूस, तूर, थोडा हरभरा. मुलगी दुसरीत आहे. 2022 च्या ऑक्टोबरअखेर गावच्या मंडळींसोबत वैष्णोदेवीला गेलो होतो, तिथून दोन दिवस श्रीनगर. नसीम बागेत चिनारची लाल पानं गळत होती. त्यातलं एक पान मी आणलं. ते अजून मुलीच्या पाढ्यांच्या पुस्तकात आहे. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. जिथं वसंत वसंतासारखा येतो, पानगळ दिसते, बर्फ पडतो, अशा ठिकाणी राहावंसं वाटतं. आपल्याकडं काय, आठ महिने ऊन अन् चार महिने चिखल. रात्रपाळीत मोबाइलवर तिकडचे व्हिडिओ पाहत बसते. मिस्टरांना म्हटलं, माझ्या नावावरचे दोन एकर विकू, हिमाचलात लहानसं घर घेऊ, मी तिथं नोकरी करते. ते म्हणाले, ‹येडी झाली का वं तू? इथं तुरीले पानी नाही अन् तू बर्फात चालली.› सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. ताई, हे खरंच येड आहे का?»

येड नाही. हे आधी सांगून मोकळी होते, कारण पत्रातला तेवढा एकच प्रश्न तू बारीक अक्षरात लिहिला आहेस.

मे महिन्यात तुमच्याकडं पारा 45 च्या वर जातो. रात्री दहा वाजताही स्लॅबला हात लावला तर चटका बसतो. कूलरमध्ये टाकायला पाणी आणायचं तर तेही कुणीतरी वाहून आणायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक तूच. अशा अंगाला गारव्याची आस लागली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? आणि गारव्याच्याही पलीकडं तुला काहीतरी सुंदर हवं आहे. शहरातल्या बाईनं डोंगरात राहावंसं वाटतं म्हटलं की लोक कौतुक करतात, शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं म्हटलं की ते चोचले होतात. मला ते कधी पटलं नाही. तीन वर्षं पाढ्यांच्या पुस्तकात पान जपणारी बाई काय मागते आहे ते मला कळतं.

पण वावर विकायचं नाही. यावर मी ठाम आहे, आणि कारणही भावनेचं नाही. हिमाचलमध्ये 1972 चा कूळकायदा आहे, त्याच्या 118 व्या कलमानं तिथं शेतकरी नसलेल्या माणसाला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. आपण इथले सातबारावाले शेतकरी असलो तरी त्या कायद्याच्या लेखी शेतकरी नाही, कारण तो तिथं जमीन कसणाऱ्यालाच शेतकरी मानतो. उत्तराखंडातही बाहेरच्यांसाठी नियम कडक आहेत, अलीकडं आणखी कडक झाले. मोबाइलवर जे कुणी ‹डोंगरात स्वस्तात प्लॉट› म्हणून दाखवतात, त्यांच्याशी व्यवहार करताना दोन एकरांचे पैसे जातील आणि हातात एखादा करारनामा उरेल, ज्याला तिथल्या तहसीलमध्ये कुणी विचारणार नाही. दोन एकर गेले की परत येत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

आता मिस्टरांबद्दल. ‹येडी झाली का› हे ते बोलायला नको होते. पण तू विषय कुठून काढलास ते बघ. पहिल्याच वाक्यात विकण्याची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात ‹वावर विकू› हे शब्द घरात कधी निघतात? कर्ज अंगाशी आलं की, लेकीचं लग्न अडलं की, दवाखान्याचं बिल झालं की. तुझ्या वॉर्डात मध्यरात्री फवारणीचं औषध पिऊन आणलेली माणसं तू पाहिली असशील. त्यांच्या घरात शेवटचं बोलणं कशावर झालं होतं, तेही तुझ्या कानावर आलं असेल. तुझ्या नवऱ्याच्या कानांनी ‹बर्फ› ऐकलाच नाही गं, त्यांनी ‹विकू› ऐकलं. सासूबाईंनीही तेच ऐकलं. आठ दिवसांचा अबोला हा भीतीचा अबोला आहे असं मला वाटतं. विकण्याची गोष्ट पूर्ण मागे घे, तसं तोंडानं सांग, आणि मग दुसऱ्या बाजूनं बोलायला बस. कसं ते पुढं सांगते.

त्याआधी माझं थोडं ऐक, कारण या विषयात मी नुसती सल्लागार नाही. मी मूळची आर्वीकडची. लग्नानंतर 1998 ते 2000 अशी दोन वर्षं आम्ही शिमल्याच्या पुढं ठियोगजवळ राहिलो. माझ्या नवऱ्याची बियाण्याच्या कंपनीत नोकरी होती. गाव साधारण साडेसहा हजार फुटांवर. एप्रिलमध्ये पोचलो तेव्हा सफरचंदाला फूल आलं होतं, पांढरं, कडेला गुलाबी. उतारावर बुरांशची झाडं फुलांनी लाल झाली होती. मी पहिले पंधरा दिवस नुसती खिडकीत उभी होते. तुझं पत्र वाचताना ती खिडकी आठवली.

मग पाऊस आला. हे कुणी सांगत नाही: हिमाचलातही जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत आपल्यासारखाच मोसमी पाऊस पडतो, आणि तिथं तो चिखलावर थांबत नाही, रस्ता घेऊन जातो. 2023 आणि 2025 मध्ये तिथं काय झालं ते तू बातम्यांत पाहिलंच असेल. आमच्या वेळी एकदा सहा दिवस रस्ता बंद होता, ऐन सफरचंदाच्या तोडणीत, आणि शेजारच्या घरी पेट्या भरून पडल्या होत्या. त्या घरातला माणूस ओट्यावर जसा बसला होता, तसा मी माझ्या वडिलांना कापूस भिजल्यावर बसलेला पाहिला आहे.

आणि मग हिवाळा. आमचं घर उत्तरेच्या उतारावर होतं, भाडं कमी म्हणून घेतलेलं. डिसेंबरात दुपारी साडेतीनला ऊन डोंगराआड जायचं. नळ गोठायचा. सकाळी बादलीवरचा पापुद्रा फोडून पाणी घ्यायचं, ते चुलीवर चढवायचं, मग चहा. त्या भागात घर उबदार ठेवायला लाकडाची लोखंडी शेगडी असते, तिला तिथं तंदूर म्हणतात. तिच्यासाठी लाकूड ऑक्टोबरातच रचून ठेवावं लागतं. गवत कापून, भारे पाठीवर घेऊन बायका उतार चढायच्या, बर्फ पडायच्या आत सगळं घरात यायला हवं म्हणून. ‹पानगळ बघणं› असं काही त्यांच्या दिवसात नव्हतं. पानं पडायला लागली की त्यांची घाई सुरू व्हायची. आपल्याकडं मिरगाच्या आधी बियाणं, खत, वखरणी यांची जी धांदल असते, अगदी तीच.

मला तिथं आवडलं नाही असा अर्थ काढू नकोस. जानेवारीत पहिला बर्फ पडला त्या सकाळची शांतता मी अजून विसरले नाही. कुठलाच आवाज येत नव्हता. पण दुसऱ्या हिवाळ्यात मी रडायला लागले होते, कारण नसताना, संध्याकाळी चार वाजले की. तू नर्स आहेस, अंधाराचं आणि मनाचं नातं तुला समजतं.

आता तुझ्या पत्रातली एक विसंगती दाखवते, रागावू नकोस. तुला भुरळ पडली काश्मीरची, आणि घर पाहते आहेस हिमाचलात. या दोन्ही गोष्टी एक नाहीत. तू म्हणतेस तसे चार ऋतू आपल्या देशात सगळ्यात नीट काश्मीरच्या खोऱ्यात दिसतात, कारण पीर पंजालची रांग मोसमी पाऊस बराचसा अलीकडंच अडवते. खोऱ्यात पाणी येतं ते जास्त करून हिवाळ्यात आणि वसंतात, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर, बर्फ आणि पाऊस होऊन. त्यामुळं तिथं वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा हे चार वेगळे राहतात, मध्ये चार महिन्यांचा पाऊस घुसत नाही. शिवाय श्रीनगर आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला. तिथं जूनचा दिवस आणि डिसेंबरचा दिवस यात साडेचार तासांचा फरक पडतो, आपल्याकडं जेमतेम अडीच. चिनारला ही दिवस आखूड होण्याची आणि थंडीची खूण कळते, म्हणून तो लाल होतो.

आणि हेच झंझावात आपल्यापर्यंतही पोचतात. तिकडं बर्फ पडला की मागून उत्तरेचे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडं हुडहुडी भरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची गाठ बंगालच्या उपसागरावरून आलेल्या ओलाव्याशी पडली की गारा पडतात. 2014 ची गारपीट आठवते? गहू, हरभरा, संत्रा, सगळं झोडपलं गेलं. तू व्हिडिओत जो बर्फ पाहतेस तो आणि तुझ्या नवऱ्याला ज्या ढगांची धास्ती वाटते ते, एकाच वाऱ्याचे आहेत. ही गोष्ट त्यांना सांगून बघ. शेतकऱ्याला वाऱ्याचं बोललेलं आवडतं.

‹आठ महिने ऊन अन् चार महिने चिखल› हे वाक्य मात्र मला खटकलं. आपल्याकडंही बघ बाई, सौंदर्य तुझ्याच अंगणात आहे, असलं काही मी तुला सांगणार नाही. ते सांगणाऱ्यांनी मे महिन्यात तुमच्या बस स्टँडवर उभं राहावं. खटकलं ते यासाठी, की तू तिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब राहत नाहीस, आणि तरी पानगळ नाही म्हणतेस. जानेवारीपासून सागाची पानं गळायला लागतात, मार्चपर्यंत रान उघडं पडतं. चिनार आणि साग दोघंही तेच करतात: पाणी मिळणार नाही असा काळ येतो आहे हे ओळखून पानं टाकून देतात. तिथं पाणी गोठतं म्हणून मिळत नाही, इथं आटतं म्हणून. चिनारचा कठीण काळ हिवाळा, सागाचा उन्हाळा. एवढाच फरक. आणि मग ऐन कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीत ओल नसताना, कुसुमाला लालभडक पालवी फुटते. दुरून पाहिलं तर झाड पेटल्यासारखं दिसतं. तुझ्या चिनारच्या पानाचाच रंग, फक्त तिकडं तो जाणाऱ्या पानाचा आणि इकडं येणाऱ्या पानाचा. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. ज्याला ऋतूंसोबत राहायचं आहे त्याला हे दिसायला हवं, म्हणून लिहिते. इथं ज्याला सागाची गळ दिसत नाही, त्याला तिथं पहिल्या वर्षानंतर चिनारही दिसेनासा होईल अशी मला भीती वाटते. ठियोगला माझं तसंच झालं होतं.

एक करता येईल. सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, देशभरातले शिक्षक, मुलं, साधी माणसं एखादं झाड निवडून त्याची दर आठवड्याला नोंद ठेवतात, कळी कधी, पालवी कधी, फळ कधी. मुलीला दवाखान्याच्या रस्त्यावरचा एक पळस किंवा बहावा निवडून दे. हवामान खातं आपले चार ऋतू मोजतं, पंचांग सहा मोजतं, तुझे मिस्टर मिरगापासून स्वातीपर्यंत नक्षत्रं मोजतात. पोरगी तिचे तिनं मोजेल.

आता खरा सल्ला. तू तिथं ऑक्टोबरात गेली होतीस, दोन दिवस. आता जानेवारीत जा, दहा दिवस. काश्मिरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान असतो, कडाक्याच्या थंडीचे दिवस. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, नळ गोठतात, दल सरोवराचा काठ थिजतो. लोक फेरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, घेऊन बसतात. त्या दिवसांत जा. हाउसबोट आणि गुलमर्गची सहल यात दिवस घालवू नकोस, एखाद्या वस्तीत घरगुती खोली घे. सकाळी भाजी आणायला जा, गोठलेल्या नळाला गरम पाणी ओत, संध्याकाळच्या अंधारात मुलीसोबत बसून बघ. घरात कोळशाची शेगडी असेल तर खिडकी फटीएवढी उघडी ठेव, बंद खोलीतल्या धुरानं काय होतं ते तुला माहीत आहे. दहाव्या दिवशी सकाळी उठून बाहेर बघावंसं वाटलं, तर तुझी ओढ खरी आणि टिकाऊ आहे असं मी मानेन.

नागपूरहून जम्मूच्या दिशेनं थेट गाड्या आहेत, आणि 2025 च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे. बनिहालकडं बर्फ पडून हायवे बंद झाला तरी आता तितकं अडत नाही. निघण्याआधी तिथली परिस्थिती कशी आहे याची चौकशी करून घे, हे आलंच.

मिस्टर सोबत येऊ शकणार नाहीत, हे आधीच धरून चाल. जानेवारीत तूर सोंगायची, कापसाची शेवटची वेचणी, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाइन. त्यांना ओढत नेऊ नकोस आणि येत नाहीत म्हणून रुसूही नकोस. दवाखान्यातल्या एखाद्या मैत्रिणीला विचार. बोलणं असं काढ: «वावर विकायचं मी बोलले ते चुकलं. ते कुठं जात नाही. मला फक्त तिथला हिवाळा बघून यायचा आहे, माझ्या पगारातून.» यात नाही म्हणण्यासारखं त्यांच्याकडं फारसं काही उरत नाही, आणि तुझ्या मनातलं तू लपवतही नाहीस.

सासूबाईंशी मात्र वेगळं बोल. त्यांना सांग, काश्मिरात बायका पानगळीच्या दिवसांत वांगी, टोमॅटो, दुधी चिरून माळा करून वाळवतात, हिवाळ्यात भाजी मिळत नाही म्हणून. त्याला तिथं होख स्यून म्हणतात. त्या स्वतः चैत्र-वैशाखात खारोड्या, कुरडया घालत असतील, गच्चीवर धोतर अंथरून. वाळवण घालणाऱ्या बाईला दुसऱ्या मुलखातलं वाळवण कसं असतं याचं कुतूहल असतंच. तिथून थोडं घेऊन ये त्यांच्यासाठी.

आणि समज, जानेवारीनंतरही ओढ तशीच राहिली, तर? तर घर विकत घेण्याचा विचार तरीही नको. तुझ्याजवळ असं काम आहे जे कुठंही लागतं, डोंगरात तर जास्तच. सरकारी जागा बाहेरच्या माणसाला मिळणं अवघड आहे, पण खासगी आणि धर्मादाय रुग्णालयं आहेत. तुझी नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, दुसऱ्या राज्यात काम करायचं तर इथून ना हरकत घेऊन तिथल्या कौन्सिलकडं नोंद करावी लागेल. तुझा एनयूआयडी, म्हणजे नर्सचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, काढलेला नसेल तर तो आत्ताच काढून ठेव, त्याचा इथंही उपयोग होतो. मग एक वर्षाची नोकरी, भाड्याची खोली, पूर्ण चार ऋतू. मुलीच्या शाळेचा विचार त्यात सगळ्यात मोठा. ती मराठी माध्यमात, तिथं हिंदी नाहीतर इंग्रजी किंवा उर्दू, आणि थंड भागातल्या शाळांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात नसते, हिवाळ्यात असते. चौथी झाल्यावर एक वर्ष असं काही करणं तिला जमेल, आता दुसरीत नको, असं माझं मत. वर्षभर नवरा-बायकोनं लांब राहणं तुम्हा दोघांना झेपेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. ते तुम्ही दोघांनी एखाद्या रात्री, हरभऱ्याचं पाणी चालू असताना, धुऱ्यावर बसून ठरवायचं. घरात सासूबाईंच्या देखत ते बोलणं होणार नाही.

रात्रपाळीतले व्हिडिओ मात्र थोडे कमी कर. त्यात कुणी लाकूड वाहताना दिसत नाही, आणि चार वाजता तुला डोळा लागायला हवा.

जानेवारीची रजा आत्ताच माग, नाहीतर लग्नसराईत सगळ्यांच्या रजा लागलेल्या असतात. लोकरीचे मोजे दोन जोड घे, मुलीचे तीन, ती ओले करणारच. चपला घालून जाऊ नकोस, मी गेले होते. आणि पाढ्यांच्या पुस्तकातलं ते पान सोबत ने. जानेवारीत नसीम बागेतले चिनार पूर्ण उघडे असतील. त्यातल्या एखाद्या झाडाखाली उभं राहून ते पान मुलीच्या हातात दे आणि ती काय म्हणते ते मला लिहून कळव.